खाऱ्या हवेत टिकेल असा हेडफोन निवडताना

"दादा, चांगल्यातलो हेडफोन दाखवा" म्हणत कोणी दुकानात आलं की मी आधी तीन प्रश्न विचारतो. कुठे बसून ऐकणार? कशाला जोडणार? बोलायला माइक लागणार का? एवढ्या उत्तरांत निम्मी निवड होऊन जाते. कंपनी आणि किंमत त्याच्या पुढची गोष्ट.

माझं दुकान मालवणात, बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दिवसा दुरुस्ती, आणि हंगामात रात्री डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) नाहीतर दशावतारी नाटकाला साउंड. म्हणजे हेडफोन मी कानाला लावूनही बघतो आणि उघडूनही बघतो. आपल्या किनारपट्टीवर राहणाऱ्या माणसाने तो या दोन्ही बाजूंनी बघूनच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पुण्यातल्या एसी खोलीत पाच वर्षं चालणारी वस्तू इथे दोन पावसाळ्यांत हिरवी पडू शकते.

बॉक्सवरच्या आकड्यांचं आधी उरकून घेऊ. "२० ते २०,००० हर्ट्झ" हा माणसाच्या कानाचा पल्ला आहे आणि तो दोनशेच्या इअरफोनवरही छापलेला असतो. त्यावरून काही कळत नाही. "५० मिमी ड्रायव्हर" याचा अर्थ आवाज काढणारा पडदा मोठा, एवढाच. आवाज चांगला असेलच असं नाही. होम थिएटरच्या खोक्यावर "पीएमपीओ" (क्षणभराची फुगवलेली ताकद) लिहून हजारो वॅट दाखवले असतील तर तिकडे बघूच नका, "आरएमएस" (सलग मिळणारी ताकद) वॅट शोधा. एक आकडा मात्र वाचायचाच, तो म्हणजे ओहम, हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. मोबाईलला थेट लावायचा असेल तर १६ ते ५० ओहमच्या दरम्यानचा सहसा नीट वाजतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. तिन्ही दिसायला जवळपास सारखेच. २५० वाला मोबाईलला लावलात तर आवाज दबका येतो, त्याला वेगळा अँप्लिफायर लागतो. ऑनलाइन मागवताना हे बारीक अक्षर नक्की वाचा.

आता बसायच्या जागेचं. हेडफोन दोन जातींचे असतात. ओपन-बॅकच्या वाट्या मागून जाळीदार असतात. त्यांतून हवा मोकळी जाते, आवाज पसरट आणि नैसर्गिक वाटतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा त्यातला नावाजलेला. पण बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. क्लोज्ड-बॅकच्या वाट्या बंद असतात. चिऱ्याच्या जाड भिंतींची स्वतंत्र खोली असेल आणि रात्री शांतपणे गाणी ऐकायची असतील तर ओपन-बॅक जरूर घ्या, फार सुख आहे त्यात. माजघरात आई शेजारी झोपली असेल तर नको.

आणि डोक्यावर पत्रा असेल तर मुळीच नको. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढातल्या सरीत पत्र्याखाली समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. अशा ठिकाणी "नॉइज कॅन्सलिंग" वाला महागडा हेडफोन घेऊ का, असं पुष्कळ जण विचारतात. हे तंत्र बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याच्या उलटी लहर कानात सोडतं. सलग, खालच्या पट्टीच्या आवाजावर ते उत्तम चालतं: पंख्याची घरघर, बसचं इंजिन, रेल्वेचा खडखडाट. कोकण रेल्वेची गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरल्यावर त्याची खरी किंमत कळते. पत्र्यावरच्या पावसात मात्र वरच्या पट्टीचा तडतडाट खूप असतो, तिथे हे तंत्र कमी पडतं. तो आवाज अडवतो कानात घट्ट बसलेला रबरी बोळा. दर आठवड्याला तुतारी नाहीतर मांडवी एक्स्प्रेसने जा-ये करणाऱ्याने नॉइज कॅन्सलिंगवर पैसे घालावेत. पत्र्याखाली राहणाऱ्याने साधा वायरचा इन-इअर घ्यावा आणि बोळ्याचं माप नीट निवडावं.

या बोळ्याकडे लोक ढुंकूनही बघत नाहीत. "बेस येणा नाय" म्हणून परत आलेल्या इअरफोनांत दोष बरेचदा काहीच नसतो. बोळा लहान पडतो, फटीतून बेस निसटतो. इअरफोन कानात असताना बोटाने हलकेच आत दाबून बघा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर मोठा बोळा लावा. खोक्यात तीन मापं दिलेली असतात ती यासाठीच. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी बिनधास्त लावा, कान जुळे नसतात.

आता टेबलावर काय येतं ते सांगतो. बंद पडलेल्या इअरफोनची पिन भिंगाखाली धरली की काळ्या रिंगांच्या कडेला हिरवट थर दिसतो. वायर सोलली तर आत केसासारख्या बारीक तारा, मध्ये एक नायलॉनचा दोरा. नव्या वायरमध्ये त्या तारा तांबूस नाहीतर रंगीत असतात. खारी हवा आणि घाम आत शिरला की काळ्या पडतात, आणि काळ्या तारेवर सोल्डर धरतच नाही. मग चांगली वायर लागेपर्यंत दोन-दोन इंच कापत मागे जायचं. वायर तुटते ती बहुतेक वेळा पिनेच्या गळ्याशी, नाहीतर वाटीत शिरते तिथे.

म्हणून इथल्या माणसाला माझा पहिला सल्ला: वायर काढता-घालता येते का ते बघा. ऑडिओ टेक्निकाच्या एम३०एक्सची वायर कायमची जोडलेली, एम४०एक्सची सुटी. दोघांत किंमतीचा फरक आहे, पण किनाऱ्यावर तो फरक वसूल होतो. इन-इअरमध्येही मूनड्रॉपच्या चू २ सारखे सुटी वायर देणारे पर्याय फार महाग नाहीत. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेने आवाज सुधारतो ही जाहिरातीतली गोष्ट. पण सोनं गंजत नाही, आणि आपल्या हवेत तेवढ्यासाठी तो मुलामा घ्यावा.

कुशनचं तसंच. नकली लेदर दमट हवेत सुटतं, त्याचे काळे पापुद्रे कानाला आणि मानेला चिकटतात. कापडी किंवा वेलूरचं (मखमली) कुशन इथे बरं. बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येतो, बेस किंचित उतरतो, पण मे महिन्यात कान भाजत नाहीत. नेहमीच्या मॉडेलची कुशनं सुटी मिळतात. विकत घेण्याआधीच ती मिळतात का हे शोधा, नंतर नको.

वायर नसलेल्या छोट्या इअरबड्सबद्दल मला तळमळीने सांगायचंय. आतली बॅटरी एवढीशी असते, काही वर्षांत दम टाकते, आणि बहुतेक बड्स न मोडता उघडतच नाहीत. "आयपीएक्स४" म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसतील, पण ती चाचणी साध्या पाण्यावर होते, समुद्राच्या पाण्यावर नाही. तारकर्लीला लाटांत उभं राहून गाणी ऐकायला ते केलेले नाहीत. घाम आल्यावर कोरड्या कपड्याने पुसून मगच डबीत ठेवा. डबीतल्या चार्जिंगच्या पिना महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळं सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पापड नरमू नये म्हणून घेतो तेवढीच काळजी इथे पुरते.

गेमचं गणित वेगळं. ब्लूटूथमधून आवाज पोचायला वेळ लागतो. आवाज पाठवायच्या साध्या एसबीसी पद्धतीत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण प्लेअर चित्रच तेवढं मागे ठेवतो आणि ओठ जुळतात. गेममध्ये चित्र मागे ठेवून कसं चालेल? गोळी तुमच्या बोटावर सुटते. पावलांचा आवाज कानात येईपर्यंत समोरचा दारात उभा असतो. म्हणून गेमसाठी वायर, नाहीतर यूएसबीत लावायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाला वायरलेस. बड्समधला "गेम मोड" उशीर कमी करतो, संपवत नाही. पीएस५ हा गेमचा कन्सोल तर साधा ब्लूटूथ हेडफोन थेट घेतही नाही. वायरवाला कंट्रोलरला लावा, तो मात्र चालतो.

दुसरा घोळ माइकचा. कॉम्प्युटरवर ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा सगळा आवाज फोनकॉलच्या दर्जावर येतो, दोन्ही कानांत एकच, पातळ. मुलं म्हणतात हेडफोन खराब झाला. खराब काही नसतं, जुन्या ब्लूटूथमध्ये माइक आणि स्टिरिओ एकदम नीट चालत नाहीत. मित्रांशी बोलत खेळायचं असेल तर वायरवाला हेडसेट घ्या, आणि कॉम्प्युटरला माइकचं भोक वेगळं असेल तर दोन टोकांचा स्प्लिटर सोबत घ्या.

"७.१ सराउंड" (सात स्पीकर आणि बेसचा एक सबवूफर) लिहिलेल्या गेमिंग हेडफोनमध्ये बहुतेक वेळा दोनच ड्रायव्हर असतात. दिशेचा भास सॉफ्टवेअर तयार करतं, डोक्यावरून आणि कानाच्या पाळीवरून आवाज कसा बदलतो त्याचा हिशेब करून. विंडोजमध्ये विंडोज सॉनिक फुकट येतं, काही गेममध्ये स्वतःची सोय असते. यातलं एकच चालू ठेवा. दोन्ही चालू केलीत तर आवाज डबक्यात बोलल्यासारखा होतो आणि दिशा कळेनाशी होते. ७.१ साठी जादा पैसे देऊ नका, तेच पैसे चांगल्या माइकवर घाला.

सिनेमा बहुतेक घरांत टीव्हीवरच बघतात, आणि तक्रार एकच: मारामारी कानठळ्या बसवते, संवाद ऐकू येत नाहीत. ५.१ च्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. टीव्हीला तो नसतो, त्यामुळे सगळं दोन बारक्या स्पीकरांत कोंबलं जातं. आधी फुकटचा उपाय करा: सेटिंगमध्ये आवाज स्टिरिओ किंवा पीसीएम ठेवा, "नाइट मोड" किंवा "क्लिअर व्हॉइस" असेल तर चालू करा. आजीला मालिकेतलं बोलणं एवढ्यानेही ऐकू यायला लागतं. साउंडबार घ्यायचाच असेल तर मधला स्वतंत्र स्पीकर असलेला, ३.१ किंवा ५.१, आणि टीव्हीच्या ज्या एचडीएमआय भोकावर "एआरसी" लिहिलंय तिथेच लावा. कौलारू घरात आवाज वर निघून जातो, तिथे सबवूफर भिंतीच्या कोपऱ्याजवळ ठेवलेला बरा. नव्या स्लॅबच्या, टाइल्सच्या हॉलमध्ये तोच कोपरा घुमायला लागतो, तिथे बाहेर ओढा. आणि वळवाचे ढग आले की प्लगसोबत डिशची वायरही काढा. वीज तिथूनही आत येते.

आवाज किती ठेवायचा, तर जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ९० डेसिबल फक्त ४ तास. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तुम्ही त्याच्या पुढे गेला आहात.

घेताना ऐकायचं काय? दुकानातलं डेमोचं गाणं नको, ते हेडफोन भारी वाटावा म्हणूनच निवडलेलं असतं. तुम्हाला तोंडपाठ असलेलं, चांगलं रेकॉर्ड केलेलं भजन मोबाईलमध्ये घेऊन जा. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावलेली असते, तिचा नाद खोल आणि गोल असतो, थाप पडून हळूहळू विरतो. हेडफोनवर तो नुसताच "धप" वाजला तर बेस फुगवलेला आहे. उजव्या बाजूचे बोल एकमेकांपासून सुटे ऐकू आले पाहिजेत. झांज वाजल्यावर धातूची शेपूट मागे रेंगाळली पाहिजे. कानात टोचली तर वरची पट्टी चढवलेली आहे, तासाभरात डोकं धरेल. पेटी आणि बुवांचा आवाज एकमेकांत मिसळून चिकट झाला तर मधली पट्टी दबलेली आहे. अशा हेडफोनवर सिनेमातले संवादही दबकेच येणार.

ऑनलाइन घेतलात तर परत करायची मुदत आधी बघा आणि त्या दिवसांत हेच भजन, तुमचा गेम आणि एक फोनकॉल, तिन्ही करून बघा. चष्मा असेल तर चष्मा घालून सलग दोन तास बसा, कानशिलं दुखतात का ते तेव्हाच कळतं. मग सेटिंगमध्ये आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) करा. बुवांचा आवाज बरोबर मध्यभागी यायला हवा. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घालून बघा. झुकावही बाजू बदलत असेल तर दोष बहुतेक हेडफोनचाच, बिल जोडून लगेच बदलून मागा.