ग्लँड गळू द्या, पण मोजून

बोटीच्या तळात पाणी दिसलं की हात आपसूक पान्याकडे जातो. माझाही गेला होता. इंजिनामागे, पंख्याचा शाफ्ट (फिरणारा दांडा) बोटीतून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारी ग्लँड असते; तिच्यात शाफ्टभोवती दोरीची कडी नटाने दाबून बसवलेली असतात. माझी ग्लँड गळत होती म्हणून तो नट आवळत गेलो आणि थेंब पडायचा बंद झाला तेव्हाच थांबलो. पुढच्या फेरीत तासाभराने जळका वास आला. आतली दोरी काळी, कडक झाली होती आणि शाफ्टवर नख अडकेल अशी खाच पडली होती. खाच पडलेल्या जागी नवी दोरीही पाणी धरत नाही. शेवटी शाफ्टच बदलावा लागला.

म्हणून आधी थेंब बघायला शिका. पंखा (प्रोपेलर) फिरत असताना टॉर्च मारून लांबूनच बघा. दोरीच्या ग्लँडमधून मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलाच हवेत, कारण शाफ्ट आणि दोरी थंड ठेवायचं काम तेच पाणी करतं. अर्धा तास बोट चालवा, इंजिन बंद करा आणि मगच ग्लँडवर तळहात ठेवा. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर ग्लँड फार आवळलेली आहे, लगेच ढिली करा.

गळती जास्त असेल तर चेकनट (मोठा नट आपोआप फिरू नये म्हणून त्याला अडवणारा दुसरा नट) ढिला करून मोठा नट एका वेळी फक्त एक पैलू, म्हणजे वळशाचा सहावा भाग, फिरवा. चेकनट परत घट्ट करा, बोट चालवा, पुन्हा थेंब मोजा. दोन बोल्टची ग्लँड असेल तर दोन्ही बोल्ट सारखेच आवळा. एक जास्त गेला की दट्ट्या, म्हणजे दोरीला आत दाबणारा भाग, तिरका होऊन शाफ्टला घासतो.

ग्लँडवर ग्रीसचा कप (फिरवला की ग्रीस आत ढकलणारी डबी) असेल तर दिवसाचं काम संपल्यावर, शाफ्ट थांबलेला असताना अर्धा ते एक वळसा द्या. हाताला जोर लागू लागला की थांबा. त्या ग्रीसमुळे बोट उभी असताना ग्लँड गळत नाही. ग्रीस पाण्याने धुऊन न जाणारं, बोटींसाठीचंच घ्या. थेंब थांबवण्यासाठी मात्र ग्रीस कोंबत बसू नका. थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाटच त्याने बंद होते.

नट जवळजवळ संपत आला आणि तरी गळतंय, म्हणजे दोरी बदलायची वेळ झाली. हे काम बोट पाण्याबाहेर असताना करा. ग्लँडच्या आतल्या व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करून निम्मा केला की दोरीची जाडी मिळते: 46 मधून 30 गेले, उरले 16, म्हणून दोरी 8 मिलिमीटरची. दोरीची जुनी कडी टोकदार हुकाने एकेक करून ओढून काढा. सगळ्यात आतलं कडं हमखास मागे राहतं, म्हणून टॉर्चच्या उजेडात धातूचा तळ दिसेपर्यंत थांबू नका. नवी दोरी शाफ्टवर गुंडाळून धारदार पात्याने वेगवेगळी कडी कापा. एकच लांब दोरी मळसूत्रासारखी आत गुंडाळलीत तर पाणी त्याच वाटेने आत येईल. प्रत्येक कड्याला ग्रीस चोळा, एकेक करून आत दाबा आणि जोड एकाखाली एक येऊ देऊ नका. वळशाच्या तिसऱ्या भागाएवढं सरकवत बसवा. नट फक्त हाताने घट्ट करा. पाण्यात उतरल्यावर पहिले काही तास जरा जास्त गळू द्या, दोरी बसली की पैलू-पैलूने आवळा.

ग्लँड धरून ठेवणाऱ्या रबरी नळीकडे फार कमी लोक बघतात, आणि मला खरी धास्ती तिचीच वाटते. ती फाटली तर थेंब नाही, धारच आत येते. अंगठ्याने दाबून बघा: भेगा, फुगवटा, चिकटपणा दिसला की बदला. नळीच्या दोन्ही टोकांना ती आवळून धरणाऱ्या दोन-दोन स्टीलच्या पट्ट्या हव्यात. पट्टी वरून चकचकीत दिसते आणि खालच्या बाजूला गंजलेली असते, म्हणून खालून हाताचं बोट फिरवून बघा.

हे सगळं दोरीच्या ग्लँडबद्दल. दोरीऐवजी ओठांचं रबरी सील (शाफ्टला रबराची कड चिकटून पाणी अडवणारं) असेल तर बोट पाण्यात उतरवल्या-उतरवल्या ओठ चिमटीत दाबून आतली हवा काढा, पाणी आलं की सोडा. ग्रीस मात्र सील बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं असेल तेवढंच आणि तेव्हाच घाला. कार्बनच्या चकतीच्या सीलला (यात कार्बनची चकती धातूच्या चकतीला घासत पाणी अडवते) ग्रीस अजिबात लावू नका, त्याच्या घासणाऱ्या तोंडांवर तेलकट बोटही नको.

नवी दोरी काही आठवड्यांतच झिजली तर दोष दोरीला देऊ नका. बोट पाण्यात तरंगत असताना इंजिन आणि शाफ्टची जोडणी सोडा आणि दोन्ही फ्लँजमधली (जोडणीच्या समोरासमोरच्या गोल चकत्यांमधली) फट फीलर गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी, चारही बाजूंनी मोजा. 100 मिलिमीटरच्या फ्लँजला 0.1 मिलिमीटरहून जास्त फरक आला तर आधी इंजिनाचे पाय सरळ करून घ्या, दोरी त्यानंतर.