सेवा निर्यातीचा जीएसटी रिफंड : आरएफडी-०३ आल्यावर काय दुरुस्त केलं

एलयूटीवर (हमीपत्रावर), म्हणजे कर न भरता सेवा निर्यात केली होती. रिफंडचा अर्ज, म्हणजे आरएफडी-०१, भरल्यावर आरएफडी-०३, म्हणजे डेफिशियन्सी मेमो (अर्जातल्या त्रुटींची सूचना) आला. चूक उलाढालीत होती.

वस्तूंच्या निर्यातीची सवय असलेले इथे हमखास फसतात. सेवांसाठी झिरो-रेटेड (इथे निर्यातीची) उलाढाल बिलांवरून धरायची नसते, त्या कालावधीत प्रत्यक्ष आलेल्या पैशांवरून धरायची असते (काम अपूर्ण असलेला अ‍ॅडव्हान्स वजा). समजा निर्यातीची बिलं ९ लाखांची, पैसे आले ६ लाख, देशातली विक्री ३ लाख, नेट आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट) ५४,००० रुपये. रिफंड म्हणजे नेट आयटीसी × निर्यातीची उलाढाल ÷ एकूण उलाढाल. बिलं धरली तर ५४,००० × ९ ÷ १२ = ४०,५०० येतात; बरोबर आकडा ५४,००० × ६ ÷ ९ (६ + ३) = ३६,०००. नेट आयटीसीमध्ये लॅपटॉपसारख्या भांडवली वस्तूंवरचा कर घ्यायचा नाही.

स्टेटमेंट ३ मध्ये प्रत्येक बिलासमोर एफआयआरसी किंवा बीआरसीचा (परदेशातून पैसे आल्याच्या बँकेच्या दाखल्याचा) नंबर हवा. बँक चार्जेस कापून रक्कम कमी आली असेल तर हिशेबाचा तक्ता जोडलेला बरा, नाहीतर तोच प्रश्न परत येतो.

अर्ज करताना डेबिट झालेलं क्रेडिट मेमोनंतर लेजरमध्ये परत जमा होतं. जुना अर्ज सुधारता येत नाही. नवाच भरावा लागतो.