लोहाची गोळी आणि माझा आठचा चहा

पाचव्या महिन्यात रिपोर्ट आला : हिमोग्लोबिन ९.२. मला पटेचना. लग्नाआधी दर रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणारी मी. अलीकडे ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागत होती हे खरं, पण दोन जिवांची म्हटल्यावर असं चालायचंच, असं मीच ठरवून टाकलं होतं. गोळ्या एक दिवस चुकवल्या नव्हत्या.

नव्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "कशाबरोबर घेता?"

चहाबरोबर. सकाळी आठला, खारी बुडवता बुडवता, लोहाची आणि कॅल्शियमची एकदमच, म्हणजे विसरायला नको. बाई हसल्या. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. कॅल्शियमही तेच करतं. गोळी दिली तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

तेव्हा पहिलं काम, घड्याळ लावा. लोहाची गोळी रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. कॅल्शियम जेवणाबरोबर, दोन्हींत किमान दोन तास. मी आधी सकाळी अकराची वेळ धरली, पण मळमळायचं आणि समोर फायलींचा ढीग. मग रात्री साडेआठला जेवण आणि कॅल्शियम, पावणेअकराला लोह आणि झोप, असं बसवलं. मळमळ झोपेतच निघून जायची. चहा सोडला नाही (पुण्यात राहून तो सुटतोय थोडाच!), फक्त जेवणापासून तासभर लांब नेला.

शौच काळी झाली तर घाबरू नका, मी घाबरले होते. लोहाने तशी होतेच. मात्र डांबरासारखी चिकट वाटली तर डॉक्टरांना सांगा. बद्धकोष्ठाला भरपूर पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका आणि संध्याकाळची सारसबागेतली फेरी. तरी त्रास झाला तर गोळी स्वतःहून बंद करू नका, बदलून मागा.

खाण्याबद्दल सल्ले फुकट मिळतात. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, हे आमच्या आख्ख्या वाड्याचं मत. बीट खा, बिघडत नाही, पण भरवसा त्याच्यावर नको. मी मंडईतून राजगिरा, चाकवत, शेपू आणायचे आणि लोखंडी कढईत परतायचे. आंबट पदार्थ त्यात शिजला की थोडं लोह उतरतं, पण काळा पडायच्या आत काढून ठेवायचा. मटकीची उसळ नीट शिजवून, वर लिंबू पिळून. मधल्या वेळी पेरू, नीट धुऊन. शेजारच्या काकूंनी प्रेमाने कलेजी पाठवली, ती मात्र नवऱ्याने खाल्ली. कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की गरोदरपणी ती टाळतात. मटण चालतं, पूर्ण शिजलेलं.

आकडे लक्षात ठेवा. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतंच, पण ११ च्या खाली ॲनिमिया धरतात आणि ७ च्या खाली तो गंभीर. ॲनिमिया नसतानाही चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली एक गोळी घ्यायची असते. असला तर डोस डॉक्टर वाढवतात. मैत्रिणीचा डोस आपला नव्हे. सरकारी दवाखान्यात ही लाल गोळी फुकट मिळते, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

महिन्याने पुन्हा रक्त तपासा. साधारण एकाने वाढायला हवं. वेळा पाळूनही वाढलं नाही तर "गोळी घेतच नसाल" हे ऐकून गप्प परत येऊ नका. थॅलेसेमियासाठीची (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) एचपीएलसी नावाची रक्ततपासणी झाली आहे का ते विचारा. कधी सलाइनमधून लोह द्यावं लागतं, त्यात काही कमीपणा नाही. पण बसल्या जागी धाप लागली, छाती धडधडली, चक्कर आली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन.

डोहाळजेवणापर्यंत माझं १०.६ झालं. पंगत उठल्याबरोबर आत्याबाई चहाचा कप घेऊन आल्या, तो मी नवऱ्याच्या हातात दिला.

बाळंतपणानंतरही सहा महिने गोळी चालूच असते. म्हणून डबा आत्ताच वरच्या फळीवर हलवा. या गोळ्या लाल, गोड पापुद्र्याच्या, अगदी खाऊसारख्या दिसतात, आणि लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. माझी पुतणी तीन वर्षांची आहे. डबा तिच्या हातात सापडला तेव्हा झाकण उघडायचंच बाकी होतं.