जोडप्याचं व्यक्तिचित्र: चेहरे झाकून सुरुवात करा

जोडप्याचं व्यक्तिचित्र समोर आलं की नजर आधी चेहऱ्यांवर जाते आणि तिथेच घोटाळा होतो. पोझ देताना माणूस चेहरा सावरून बसतो. नातं दिसतं ते बहुधा हातांत आणि दोघांमधल्या मोकळ्या जागेत.

छापील प्रत असेल तर दोन्ही चेहऱ्यांवर कागदाचे कपटे ठेवा. आता कोणाचा हात कुठे टेकलाय, बोटांत पकड आहे की नुसता स्पर्श, हे बघा. रेम्ब्रांटच्या ‘ज्यू वधू’त (सुमारे १६६५-६९) पुरुषाचा पंजा तिच्या छातीवर अलगद टेकलाय आणि तिच्या बोटांची टोकं त्या पंजावर आली आहेत. शेजारीच त्याची सोनेरी बाही. रंगाचा थर इतका जाड, की लेपच दिल्यासारखा. नजर बाहीवरून उतरत हातांपाशी येऊन थांबते. कपटे काढा: दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत, तरी किती माया आहे!

डेव्हिड हॉकनीच्या ‘मिस्टर अँड मिसेस क्लार्क अँड पर्सी’तही (१९७०-७१; पर्सी म्हणजे चित्रातलं मांजर) नवरा-बायको एकमेकांकडे बघत नाहीत. पण इथे ती उभी, तो खुर्चीत आणि मधोमध उघडी खिडकी. स्पर्श कुठेच नाही, त्यामुळे तीच न जुळलेली नजर इथे दुरावा वाटते. मधली जागा म्हणूनच बोटाने मोजून बघा: ती एका डोक्याच्या रुंदीपेक्षा कमी आहे की जास्त, आणि तिथे काय ठेवलंय?

नंतर डोळे किलकिले करा. बारकावे पुसले जातात, उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात. दोघं मिळून एकच आकार होतो की दोन सुटे, ते लगेच कळतं.

चुका ठरलेल्या असतात. व्हॅन आइकच्या ‘आर्नोल्फिनी’ चित्रातली (१४३४) बाई अनेकांना गरोदर वाटते. खरं तर तिने त्या काळच्या फॅशनप्रमाणे भरघोस झग्याच्या चुण्या पोटाशी उचलून धरल्या आहेत. जुन्या व्यक्तिचित्रांत हसू सहसा नसतं, तो तेव्हाचा रिवाज. त्याला दुःख समजू नका. आणि सगळं चित्र पिवळट-तपकिरी, खिन्न दिसत असेल तर आधी वॉर्निशचा संशय घ्या. ते जुनं झालं की पिवळं पडतं आणि निळा रंग हिरवट दिसू लागतो.