खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: मासा यादीत शेवटी

खरेदीच्या आधी जागा ठरवा. शंभर लिटरची टाकी पाणी, खडक, वाळू, काच आणि स्टँड धरून सहज सव्वाशे-दीडशे किलोंवर जाते, आणि एकदा भरली की ती हलवता येत नाही. स्टँडवर स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, एका बाजूला झुकलेल्या टाकीत काचेच्या सांध्यांवर नको तो ताण येतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ती जागा सोडा. विजेचा बोर्ड टाकीच्या खाली नको, बाजूला असू द्या. प्रत्येक वायरला बोर्डात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटात जाणार नाही. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं, म्हणून त्या जोडणीवर अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

आता आकार. ‘पहिलीच आहे, तर वीस लिटरची घेऊ’ हा विचार स्वाभाविक असला तरी उलटा आहे. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. वीस लिटरमधून एक लिटर उडालं तर दर हजारी 35 ची क्षारता (हजार ग्रॅम पाण्यात 35 ग्रॅम क्षार) 36.8 वर जाते. शंभर लिटरमधून तेवढंच उडालं तर 35.4. तापमान आणि अमोनिया (माशांच्या उत्सर्गातून येणारं विष) यांचंही तसंच, पाणी कमी तितका झटका मोठा. म्हणून ‘छोटी’ म्हणजे 75 ते 100 लिटर धरा. पाण्याच्या पातळीची खूण काचेवर करून ठेवा आणि रोज जेवढं उडेल तेवढं गोडं पाणी घाला. इथे मिठाचं पाणी घातलं की क्षारता हळूहळू चढत जाते.

पाणी हा यादीतला सगळ्यात मोठा भाग, आणि नवखे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात तेही इथेच. नळाचं पाणी नको. त्यात क्लोरीन असतं, शेवाळाला पोसणारे फॉस्फेट आणि नायट्रेट असू शकतात, जुन्या पाइपांतून तांबं येतं. गोगलगायी आणि कोळंबी तर तांब्याच्या अगदी थोड्या अंशानेही मरतात. आरओ-डीआय फिल्टरचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा फिल्टर), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य दाखवणारं पाणी हवं. मीठ समुद्री टाक्यांसाठी बनवलेलंच घ्या; स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट यांचा मेळ नसतो. साधारण लिटरमागे 35 ते 38 ग्रॅम लागतं, नेमकं प्रमाण पिशवीवर असतं. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर क्षारांचा पांढरा साका तळाशी बसतो. पंप आणि हीटर लावून मिश्रण दिवसभर फिरू द्या, मग मोजा: 25 अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) 1.025 ते 1.026. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून क्षारता दाखवणारं साधन) घ्या, आणि ते बरोबर दाखवतंय का हे तपासायला 35 क्षारतेचं कॅलिब्रेशन द्रावण. यासाठीच्या दोन बादल्या वेगळ्या ठेवा. त्यांना कधीही साबण लागता कामा नये.

उपकरणं झटपट उरकतील. तासाला टाकीच्या दहा-वीस पट पाणी फिरवेल असा पॉवरहेड (पाण्यात बुडवून ठेवायचा प्रवाहाचा पंप), शंभर लिटरला साधारण शंभर वॅटचा हीटर, आणि वेगळा थर्मामीटर, कारण हीटरच्या चकतीवरचा आकडा विश्वासाचा नसतो. तापमान 25-26 अंशांवर ठेवा. उन्हाळा कडक असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडा, मात्र मग गोडं पाणी जास्त घालावं लागेल. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर सेंद्रिय घाण काढणारं यंत्र) पहिल्या दिवसापासून हवाच असं मला वाटत नाही. मासे मोजके असतील आणि दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदललं जाणार असेल तर छोटी टाकी त्याच्याशिवाय चालते. तो पैसा बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपात घाला. वीज गेली की प्रवाह थांबतो आणि पाण्यातला ऑक्सिजन उतरायला लागतो.

खरा फिल्टर म्हणजे सच्छिद्र खडक, पाणी शुद्ध करणारे जिवाणू त्यातच राहतात. शंभर लिटरला आठ-दहा किलो पुरे. लाइव्ह रॉकमध्ये (सजीवांसकट येणाऱ्या खडकात) जिवाणू आयते मिळतात, पण एप्टेशियासारखे (झपाट्याने पसरणारं छोटं समुद्रफूल) चिवट पाहुणेही येतात. कोरडा खडक स्वच्छ, पण त्याला वेळ लागतो. सोबत आलेले जीव मारायला खडक उकळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यावर झोअँथिड (प्रवाळांचे नातलग) असले तर पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर हवेत येतं, आणि त्याने माणसं रुग्णालयात पोचली आहेत. खडक हाताळताना हातमोजे घाला. रचताना आधी खडक थेट काचेच्या तळावर टेकवा, मग भोवती अ‍ॅरागोनाइट वाळू पसरा. वाळूवर रचलेला ढीग गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा) खालून उकरते आणि तो कोसळतो.

यानंतर वाट बघायची. बाटलीतला अमोनिया घालून पाणी 2 पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन भाग) आणा, हवं तर बाटलीतले जिवाणूही सोडा, आणि दिवा बंद ठेवा. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. तीन ते सहा आठवडे लागतात. कॅलेंडर बघून नाही, टेस्ट किट बघून ठरवा: पुन्हा 2 पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर टाकी तयार. मग नायट्रेट उतरवायला पाणी मोठ्या प्रमाणात बदला. दिवे लागले की वाळूवर तपकिरी थर चढेल. ते डायटम (सूक्ष्म शैवाल) असतात, घाबरून औषध ओतू नका, बहुधा आपोआप ओसरतात.

पहिल्यांदा तीन-चार गोगलगायी. दरम्यान तीस-चाळीस लिटरची साधी, वाळू-खडक नसलेली विलगीकरणाची टाकी लावा. प्रत्येक नवा मासा तिथे निदान चार आठवडे राहील. हा खर्च बहुतेक जण टाळतात. पण मुख्य टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला की तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, सगळे मासे काढून ती दोन-अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

मासे निवडताना टाकीत पैदास झालेली क्लाउनफिशची लहान जोडी सगळ्यात सोपी. त्यातला मोठा होईल तो मादी बनतो. दुकानदाराला आपल्यासमोर खाणं टाकायला सांगा, न खाणारा मासा घेऊ नका. घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं विलगीकरणाच्या टाकीतल्या पाण्यावर तरंगू द्या, क्षारता मोजा, फरक असेल तर थेंब थेंब पाणी घालत जुळवा, आणि पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. ही जोडी मुख्य टाकीत गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एखादी गोबी किंवा फायरफिश. फायरफिश उडी मारून बाहेर पडते, तेव्हा जाळीचं झाकण तिच्या आधी आलं पाहिजे. ब्लू टँगचं पिल्लू गोंडस दिसतं, पण पूर्ण वाढीचा मासा सुमारे तीस सेंटिमीटरचा होतो. मँडरिन मासा बहुतांशी जिवंत कोपेपॉडवर (सूक्ष्म कवचधारी जीव) जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. समुद्रफूलही जुन्या, स्थिर टाकीसाठी ठेवा. शंभर लिटरला तीन-चार छोटे मासे झाले की खरेदी बंद. प्रवाळ घ्यायचे असतील तर आधी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता), कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची किट आणा, काही आठवडे आकडे लिहून ठेवा, आणि अल्कलिनिटी 8 ते 12 डीकेएच (तिचं एकक) यांच्या दरम्यान एका जागी टिकतेय असं दिसलं की मगच मऊ प्रवाळांपासून सुरुवात करा.