मेलोट्रॉनला कीबोर्ड समजू नका : वाजवताना, दुरुस्त करताना आणि विकत घेताना या चुका टाळा

प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्याला कधी ना कधी मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या वाद्याचं वेड लागतंच. किंग क्रिमझन या बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीतात तंतुवाद्यांचा जो लोंढा अंगावर येतो, तो एकदा ऐकला की सुटका नाही. मग त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर उतरवलं जातं, दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड दाबला जातो, आणि ऐकू येतं ते लग्नाच्या बँडमधल्या स्वस्त कॅसिओसारखं काहीतरी. दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. समोर पट्ट्या दिसतात म्हणून आपण त्याला ऑर्गन किंवा सिंथेसायझर समजून वाजवतो, तिथेच सगळं फसतं.

मेलोट्रॉनमध्ये ध्वनी तयार करणारं काहीच नाही. सगळ्यात जास्त खपलेल्या एम ४०० या मॉडेलमध्ये (१९७० पासून) ३५ पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीखाली टेपची एक स्वतंत्र फीत, टेपवरचा आवाज वाचणारं एक हेड, एक प्रेशर पॅड आणि एक पिंच रोलर आहे. पट्टी दाबली की पॅड टेपला हेडवर टेकवतो आणि रोलर तिला सतत फिरणाऱ्या कॅपस्टन या दांड्यावर दाबतो. टेप खाली ओढली जाते आणि त्या स्वरावर कुणीतरी कधीकाळी वाजवलेलं व्हायोलिन किंवा बासरी ऐकू येते. साधारण आठ सेकंदांत टेप संपते आणि आवाज थांबतो. बोट उचललं की स्प्रिंग टेपला परत वर खेचते. एका टेपवर शेजारीशेजारी तीन ट्रॅक असतात, म्हणजे टेपच्या एका संचावर (फ्रेमवर) तीन वाद्यं.

हे यंत्र जन्मलं तेच हेडच्या शोधातून. बिल फ्रॅन्सन नावाचा विक्रेता हॅरी चेंबरलिनने बनवलेली टेपवर चालणारी दोन वाद्यं अमेरिकेहून इंग्लंडमध्ये घेऊन आला आणि एकसारखी ७० टेप हेड कोण बनवून देईल, अशी विचारणा करू लागला. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी ते काम घेतलं आणि १९६३ मध्ये पहिलं मेलोट्रॉन बाहेर पडलं. ७० हेड का? कारण सुरुवातीच्या मॉडेलांत शेजारीशेजारी दोन कीबोर्ड होते : उजवा सुरावटीसाठी, डावा तयार ताल आणि साथीसाठी. दिवाणखान्यात बसून एकट्याने अख्खा वाद्यवृंद वाजवायचा, अशी मूळ कल्पना होती. मूडी ब्लूज या बँडच्या माइक पिंडरने, जो आधी ब्रॅडलींच्याच कारखान्यात काम करत होता, डावीकडच्या तालाच्या टेप काढून तिथेही सुरावटीच्या टेप बसवल्या. प्रोग्रेसिव्ह रॉकमधलं मेलोट्रॉन मला वाटतं तिथून सुरू होतं.

हाताच्या चुका

पहिली चूक म्हणजे कॉर्ड धरून बसणं. पेटीवर किंवा ऑर्गनवर तयार झालेला हात स्वर धरून ठेवतो. इथे आठव्या सेकंदाला सगळे स्वर एकदम गप्प होतील, आणि तेही गाण्याच्या नेमक्या नाजूक जागी. जुने वादक एकेक बोट आळीपाळीने उचलून पुन्हा टेकवत, त्यामुळे कॉर्डमधला एक स्वर माघारी जात असताना बाकीचे चालू राहत. कॉर्ड त्यातल्या स्वरांचा क्रम बदलून (इन्व्हर्शन) वाजवला तरी तेच साधतं. सॉफ्टवेअरमध्ये लूप चालू करून, म्हणजे आवाज पुन्हापुन्हा फिरवत ठेवून, ही कटकट टाळता येते, पण टाळू नका. त्या आठ सेकंदांमुळेच त्या काळच्या रचनांत कॉर्ड असे बदलत राहतात.

दुसरी चूक घाईची. टेप स्थिर होती, तिला वेग घ्यायला क्षणभर लागतो. म्हणून ठेक्यापेक्षा किंचित आधी दाबावं लागतं. शिवाय टेप पूर्ण वर गेलेली नसताना तीच पट्टी पुन्हा दाबली तर आवाज मधूनच सुरू होतो, गजाचा किंवा फुंकरीचा आघात गायब. द्रुत ताना इथे निघत नाहीत. त्या निघाव्यात म्हणून धडपडणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिले आहेत, दमछाकच जास्त.

बोटाच्या जोराने आवाज लहानमोठा होईल, ही अपेक्षाही सोडा. सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटी (जोराप्रमाणे आवाज बदलण्याची सोय) बंद करून टाका आणि चढउतार व्हॉल्यूम पेडलने करा. कंप टेपमध्येच वाजवलेला आहे, वरून कोरस इफेक्ट चढवला की चिखल होतो. एम ४०० च्या पट्ट्या खालच्या जी पासून वरच्या एफ पर्यंत, तीन सप्तकांनाही एक स्वर कमी. त्याबाहेर सॉफ्टवेअर वाजलं तरी ते मेलोट्रॉन राहत नाही.

आणि ताल-सूर आपोआप सरळ करणारं क्वांटाइझ, ऑटोट्यून वगैरे लावून ते ‘स्वच्छ’ करू नका. जेनेसिसच्या १९७२ च्या ‘वॉचर ऑफ द स्काइज’ची सुरुवात ऐका. कीबोर्डवादक टोनी बँक्सने त्या वाद्याच्या बेसूरपणासकट जे कॉर्ड शोभत होते तेच निवडले आहेत. त्या जागी अचूक सुरातला वाद्यवृंद ठेवला तर उरेल काय?

बिघाड : एका स्वराचा की सगळ्यांचा?

खरं यंत्र हाताशी असेल, तर झाकण उघडण्याआधी हा एकच प्रश्न विचारा. लोक नेमकं उलट करतात. एक स्वर थरथरला की मोटर उघडतात आणि सगळेच स्वर डोलायला लागले की एकेका पट्टीचे स्क्रू पिळत बसतात.

फक्त एखादाच स्वर बारीक किंवा बोथट येत असेल, तर संशय त्या पट्टीच्या प्रेशर पॅडवर किंवा हेडवरच्या मळावर. एखादाच स्वर लडखडत असेल, उशिरा वेग घेत असेल, तर त्याचा पिंच रोलर घसरतोय. एम ४०० मध्ये प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू असतात, एक पॅडच्या दाबासाठी आणि एक रोलरच्या. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका, आणि कोणता किती फिरवला ते लिहून ठेवा. आवाज येत नाही म्हणून पॅड कचकचून आवळणं ही सर्रास होणारी चूक आहे. तो टेपलाच धरून ठेवतो, स्वर उतरतो, मोटरवर भार येतो, आणि बिघाड एका पट्टीवरून अख्ख्या यंत्रावर जातो.

सगळेच स्वर एकत्र उतरत-चढत असतील तरच मोटर, तिचं नियंत्रण करणारं सर्किट आणि कॅपस्टन पाहायचं. सुरुवातीच्या एम ४०० मधलं सीएमसी-१० हे नियंत्रण कार्ड यासाठी बदनाम आहे : एकदम पुष्कळ पट्ट्या दाबल्या की मोटर दमते आणि कॉर्ड खाली बसतो. पुढे त्याच्या जागी सुधारित कार्ड आलं. जुन्या यंत्रावर ते बदललेलं आहे का, हे आधी विचारावं.

बासरी निवडली आणि मागे व्हायोलिन कुजबुजतंय? टेप खराब झाली असं समजून नवी मागवू नका. ट्रॅक बदलणारी यंत्रणा हेडना टेपच्या आडव्या दिशेने सरकवते आणि ती नेमकी जागेवर थांबत नसेल तर शेजारचा ट्रॅक झिरपतो. काही वादक मुद्दाम दोन ट्रॅकच्या मध्ये थांबून मिश्रण मिळवत, तो भाग निराळा.

साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरतो : हेड आणि कॅपस्टन पुसा, रबरी रोलरवर मात्र ते ओतू नका. हेडजवळ चुंबकत्व आलेला स्क्रूड्रायव्हर नेऊ नका. आणि कुरकुरतंय म्हणून तेलाचा थेंब तर मुळीच नको. कॅपस्टनवर किंवा रोलरवर तेल गेलं की पकडच संपली. पॅड कडक झाले, रोलर काचेसारखे गुळगुळीत झाले तर ते बदलायचेच असतात. बर्मिंगहॅमची परंपरा पुढे चालवणाऱ्या स्ट्रीटली इलेक्ट्रॉनिक्सकडून सुटे भाग आणि टेप मिळत आले आहेत.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात जुन्या कॅसेटवर पांढरी बुरशी चढलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जादा फ्रेम असतील तर उभ्या ठेवा, बंद पेटीत, सिलिका जेलसह. आडव्या पडलेल्या फ्रेममध्ये टेप एकमेकींत अडकल्या की सोडवणं जिकिरीचं. यंत्र हलवतानाही तेच. एम ४०० सुमारे ५५ किलोचं आहे, त्यामुळे जिन्यात ते कलंडवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

कानाची चूक

सत्तरच्या दशकातलं प्रत्येक धूसर व्हायोलिन म्हणजे मेलोट्रॉन नव्हे. पिंक फ्लॉइडच्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये पसरलेला तंतूंचा पडदा सोलिना या स्ट्रिंग मशीनचा आहे. ते विजेवर ध्वनी निर्माण करतं, त्यात टेप नाही, म्हणून ते हवं तितका वेळ वाजतं. लेड झेपलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’च्या ध्वनिमुद्रणात खरी रेकॉर्डर-बासरी आहे. मैफलीत ती जागा जॉन पॉल जोन्सने मेलोट्रॉनवर भरून काढली, त्यामुळे घोटाळा होतो. ओळखायला सोपी खूण : दर वेळी तोच स्वर अगदी तसाच सुरू होतो, तोच कंप, तीच फुंकर, आणि आठ सेकंदांच्या आत तो बदलतो किंवा विझतो.

विकत घेताना

नावाच्या पाटीवर ‘नोव्हाट्रॉन’ आहे म्हणून जाहिरात ओलांडून पुढे जाऊ नका. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मूळ नावाचे हक्क हातचे गेले, तेव्हा बर्मिंगहॅममधल्या त्याच लोकांनी तेच यंत्र या नावाने बनवलं. अमेरिकेतून येणार असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालण्याआधी मागची पाटी वाचा.

विक्रेता एखाद्या सुंदर कॉर्डचा व्हिडिओ पाठवेल. त्यावर जाऊ नका, कारण कॉर्डमध्ये मेलेला स्वर लपतो. सगळ्या ३५ पट्ट्या डावीकडून उजवीकडे एकेक करून, प्रत्येक टेप संपेपर्यंत, तिन्ही ट्रॅकवर वाजवून मागा. पंधराएक मिनिटांचं काम आहे. त्यालाच टाळाटाळ होत असेल, तर किंमत त्या हिशेबाने बोला.