परसात सोनटक्का कसा लावावा: खानापूरपासून अथणीपर्यंत

सोनटक्का ही आल्याच्या कुळातील हेडिकियम या प्रजातीची वनस्पती असून, या प्रजातीच्या बहुतेक जाती हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंतच्या ओलसर प्रदेशातल्या आहेत. ओल हवी, पण साचलेले पाणी नको, ही तिची मुख्य अट होय. बेळगाव जिल्ह्यात पाऊस आणि माती तालुक्यागणिक बदलत असल्यामुळे सगळा विचार जागा निवडतानाच करावा लागतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या भागांत तांबड्या मातीतून पाण्याचा निचरा सहज होतो. तरीही मुसळधार पावसात कंद कुजू नयेत म्हणून थोडी उंच वरंब्याची जागा धरावी. निपाणी-चिकोडीच्या काळ्या जमिनीत मात्र खड्ड्यातील मातीत निम्मी वाळू व कुजलेले शेणखत मिसळल्याशिवाय लागवड करू नये. अथणीकडच्या कोरड्या हवेत दुपारचे ऊन पानांची टोके करपवते, म्हणून तिथे घराच्या पूर्वेची, सकाळचे ऊन मिळणारी बाजूच योग्य ठरते. न्हाणीचे पाणी जिथे वाहते तिथे सोनटक्का लावण्याची जुनी पद्धत उत्तम आहे, पण कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी तिकडे वळवू नये.

वळवाचा पाऊस झाल्यावर, मृग नक्षत्राच्या सुमारास, जुन्या बेटातून दोन-तीन डोळे असलेले कंदाचे तुकडे कापून घ्यावेत. काप एक दिवस सावलीत सुकू द्यावा आणि नंतर तुकडे डोळे वर ठेवून ५ ते ७ सेंटिमीटर खोल, एकमेकांपासून सुमारे दीड फुटावर पुरावेत. वर उसाच्या पाचटाचा थर द्यावा. या भागात ते मुबलक मिळते आणि ओल टिकवते.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुले येऊ लागतात. ती संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी कोमेजतात, त्यामुळे वेणीसाठी किंवा गौरीच्या पूजेसाठी टपोऱ्या कळ्या दुपार कलल्यावर खुडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात. ज्या दांड्याला एकदा फुले येऊन गेली त्याला ती पुन्हा येत नाहीत. तो बुडापासून कापावा, म्हणजे नव्या कोंबांना जागा मिळते. हे काम बरेच जण टाळतात आणि मग बेट नुसतेच पानांनी माजते.

उटण्यात व धूपात घालतात ती कापूरकाचरी याच प्रजातीतील दुसऱ्या, हिमालयातील जातीच्या कंदांपासून मिळते. परसातील सोनटक्क्याचा कंद तिच्याऐवजी वापरू नये, औषध म्हणून पोटात तर मुळीच घेऊ नये.

तीन वर्षांनी बेट दाटले की उन्हाळ्याच्या अखेरीस खणून विभागावे. उरलेले कंद शेजाऱ्यांना द्यावेत किंवा उन्हात पूर्ण वाळवावेत, पण ओढ्याकाठी टाकू नयेत. ब्राझील व हवाई बेटांत हीच वनस्पती पाणथळ जागी पसरून स्थानिक झाडोरा दडपते आहे, आणि मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या परिसरातील ओढे तिला तितकेच मानवण्याजोगे आहेत.